घाटात गाडी का तापली?

जुन्या डिझेल ट्रकसाठी योग्य थर्मोस्टॅटची निवड

आपल्या वस्त्यांमधून आज अनेक घरांचा संसार ट्रकच्या चाकांवर चालतो. कोणी पतपेढीचे कर्ज काढून, कोणी वडिलांच्या फंडाचे पैसे घालून, तर कोणी घरातल्या माउलीचे चार दागिने मोडून एखादी जुनी गाडी घेतो. ज्यांच्या आजोबांनी दुसऱ्याच्या बैलगाडीमागे पायी चालण्यात जन्म घालवला, त्यांचा नातू स्वतःच्या गाडीच्या स्टिअरिंगवर बसतो आणि काचेवर बाबासाहेबांचे चित्र लावतो. ही साधी गोष्ट नाही. परंतु गाडी घेणे जितके कठीण, त्याहून ती टिकवणे कठीण. घरात एकच गाडी असेल आणि तिचे इंजिन बसले, तर हप्ता थांबतो, मुलांची फी थांबते आणि मालक पुन्हा दुसऱ्याच्या गाडीवर ड्रायव्हर म्हणून जातो. अशी दोन-तीन घरे मी डोळ्यांनी पाहिली आहेत. म्हणून आज इंजिनातील एका लहानशा वस्तूविषयी लिहीत आहे. तळहातावर मावेल एवढी ती वस्तू. किंमत इंजिन बांधण्याच्या खर्चाच्या मानाने काहीच नाही. नाव थर्मोस्टॅट. गॅरेजात तिला ‘थर्मोस्टॅट वॉल’ म्हणतात आणि बहुतेक वेळा काढून फेकून देतात.

एका कुटुंबाची गोष्ट

आमच्या विहारात रविवारच्या वंदनेला नियमित येणारे एक दांपत्य आहे. त्यांच्याकडे 697 इंजिनाचा जुना टाटा ट्रक. यजमान स्वतः गाडी चालवतात आणि ताई हिशेबाची वही ठेवतात. त्या वहीत फेरी, भाडे, डिझेल, टोल, हप्ता असे सगळे तारखेवार लिहिलेले असते. गेल्या मे महिन्यात शहापूरहून सिमेंटच्या गोण्या भरून ते घोटीला निघाले. कसारा घाटाच्या मध्यावर टेंपरेचरचा काटा लाल खुणेवर गेला, झाकणातून वाफ उसळली आणि गाडी उभी राहिली. हेड गॅस्केट उडाले होते. गाडी ओढून आणणे, हेड उतरवणे, हेडचे तोंड घासून सपाट करून घेणे आणि पंधरा दिवसांचे बुडालेले भाडे धरून वहीचे एक पान लाल शाईने भरले.

त्यानंतरच्या रविवारी वंदना झाल्यावर ते माझ्याजवळ बसले. मी आयुष्याची तीस वर्षे डिझेल इंजिनांवर काम केले आहे, हे त्यांना ठाऊक होते.

“दादा, ही गाडी इतकी थंड चालायची की काटा कधी अर्ध्यावर गेला नाही. थंडीत तर मी रेडिएटरपुढे गोणपाट बांधायचो. मग घाटात कशी उकळली?”

मी विचारले, “वॉटर बॉडीत थर्मोस्टॅट आहे का?”

“तो तर गाडी घेतली तेव्हाच वस्तादांनी काढला. म्हणाले, आपल्याकडच्या गरम हवेत त्याची गरज नाही. उलट पाणी अडतं आणि गाडी तापते.”

त्यांची दहावीतली मुलगी शेजारी बसून ऐकत होती. ती मध्येच म्हणाली, “पप्पा, गरज नव्हती तर कंपनीने तो बसवला कशाला?”

वाचकहो, तीस वर्षांत शंभर तरी मालकांशी या विषयावर बोललो असेन, पण हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. या लेखात त्याच प्रश्नाचे उत्तर आहे.

थर्मोस्टॅट करतो तरी काय?

इंजिनात पाणी कसे फिरते ते आधी पाहू. वॉटर पंप थंड पाणी ब्लॉकमध्ये ढकलतो. ते सिलिंडरांच्या भोवतीने फिरून हेडमध्ये चढते आणि तिथली उष्णता घेऊन पुढच्या बाजूस, थर्मोस्टॅटच्या घरापाशी येते. येथे त्याच्यापुढे दोन वाटा असतात. मोठी वाट वरच्या होज पाइपमधून रेडिएटरकडे जाते. लहान वाट, म्हणजे बायपास, रेडिएटरला न जाता सरळ परत पंपाकडे जाते.

या दोन वाटांच्या नाक्यावर थर्मोस्टॅट बसलेला असतो. त्याच्या पोटात एक पितळी डबी असते आणि डबीत मेणासारखा पदार्थ. हा पदार्थ ठरावीक तापमानाला वितळतो आणि वितळताना फुगतो. फुगला की आतली पिन रेटली जाते आणि स्प्रिंगचा जोर मोडून झडप उघडते. पाणी निवले की मेण आकसते आणि स्प्रिंग झडप बंद करते. यात वीज नाही, तार नाही. सारे काम मेण आणि स्प्रिंग करतात.

सकाळी गाडी सुरू केली की मोठी वाट बंद असते. पाणी लहान वाटेने इंजिनातल्या इंजिनातच फिरते आणि लवकर तापते. ठरलेले तापमान आले की मोठी झडप उघडू लागते. ज्या इंजिनांत खालच्या बाजूस दुसरी चकती असलेला थर्मोस्टॅट बसतो, तिथे मोठी झडप उघडत असतानाच ती चकती लहान वाट बंद करत जाते. पूर्ण उघडल्यावर सगळे पाणी रेडिएटरमधून गेल्याशिवाय परत इंजिनात येऊ शकत नाही. जुन्या टाटा गाड्यांत आणि त्या काळच्या पुष्कळ डिझेल इंजिनांत हीच दुहेरी रचना आहे. घाटातल्या घटनेचे मूळ या दुसऱ्या चकतीत आहे.

काढून टाकला तर काय होते?

थर्मोस्टॅट काढला की दोन्ही वाटा कायमच्या उघड्या राहतात. गाडी सपाटीवर, हलक्या ओझ्याने, थंड हवेत चालत असेल तर सगळे पाणी निवत राहते आणि काटा वर चढत नाही. मालकाला वाटते, गाडी थंड चालते, झकास आहे. परंतु घाटात पूर्ण ओझे असते, दुसरा गिअर असतो, समोरून वारा लागत नाही आणि इंजिन पूर्ण जोराने राबत असते. त्या वेळी प्रत्येक थेंब रेडिएटरमधून जायला हवा. पण लहान वाट बंद करणारी चकतीच नसल्यामुळे गरम पाण्याचा एक भाग रेडिएटरला बगल देऊन पुन्हा इंजिनात शिरतो. जास्तीत जास्त थंडाव्याची गरज असते तेव्हाच तो मिळत नाही. गाडी तापू नये म्हणून काढलेल्या वस्तूच्या अभावानेच ती घाटात तापते.

काही जण सांगतात की, थर्मोस्टॅट नसला की पाणी फार वेगाने पळते, त्याला रेडिएटरमध्ये निवायला वेळ मिळत नाही. ही समजूत बरोबर नाही. पाणी जितके जास्त फिरेल तितकी उष्णता जास्तच वाहून जाते. खरे कारण उघडी राहिलेली लहान वाट हेच आहे. काही हुशार मिस्त्री ती वाट खुंटी ठोकून बंद करतात. त्यामुळे घाटापुरता प्रश्न सुटतो, पण इतर सर्व वेळ इंजिन गारठून चालते.

गारठलेले इंजिन हे दुसरे, मुके नुकसान आहे. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. दाबलेल्या हवेच्या उष्णतेने डिझेल पेटते. सिलिंडरच्या भिंती थंड असतील तर सगळे डिझेल नीट जळत नाही. सकाळी बराच वेळ पांढरा धूर निघतो आणि डोळे चुरचुरतात. न जळलेले डिझेल लायनरवरचे तेल धुऊन खाली उतरते आणि इंजिन ऑइल पातळ करते. दांडीवर ऑइलची पातळी आपोआप वाढलेली दिसली तर आनंद मानू नका. ते डिझेल असू शकते. शिवाय जळताना तयार झालेली पाण्याची वाफ थंड भिंतीवर दव धरते. पूर्वीच्या डिझेलमध्ये गंधक पुष्कळ असे, त्यामुळे त्या दवाचे आम्ल होऊन लायनर खात असे. 1 एप्रिल 2020 पासून देशभर मिळणाऱ्या डिझेलमध्ये गंधक दहा लाख भागांत 10 भागांवर आले, त्यामुळे हा धोका बराच कमी झाला. पण तेल धुतले जाणे, ऑइलचा चिखल होणे आणि रिंगा-लायनर लवकर झिजणे हे अजून तसेच आहे.

आणि डिझेलचा खर्च? समजा गाडी रोज 200 किलोमीटर चालते आणि लिटरला 4 किलोमीटर देते. रोज 50 लिटर लागले. ॲव्हरेज 3.8 वर आले तर रोज अडीच लिटर जास्त लागते. महिन्याच्या पंचवीस दिवसांत ते साठ लिटरच्या वर जाते. ताईंनी वही काढून दाखवली. थंडीच्या महिन्यांत त्यांच्या गाडीचे ॲव्हरेज दर वर्षी उतरत होते. त्यांनी ते लिहून ठेवले होते, पण कारण कोणी सांगितले नव्हते.

थर्मोस्टॅट खालची मर्यादा ठरवतो, वरची नाही

निवडीकडे वळण्यापूर्वी एक गोष्ट मनात पक्की करावी. थर्मोस्टॅटवर 82 असा आकडा असेल, तर त्याचा अर्थ 82 अंश सेल्सिअसला झडप उघडू लागते. ती पूर्ण उघडायला आणखी दहा-पंधरा अंश लागतात. पूर्ण उघडली की थर्मोस्टॅटचे काम संपले. पुढे गाडी किती तापणार हे रेडिएटर, पंखा, पट्टा, पंप आणि पाठीवरचे ओझे यांवर अवलंबून असते.

म्हणून “घाटात चालवायची आहे, तर 71 चा थंड वॉल टाका” हा सल्ला फसवा आहे. भर घाटात 71 चा आणि 82 चा दोन्ही सताड उघडे असतात आणि दोघांतून सारखेच पाणी जाते. 71 च्या वॉलने घाटातली वाफ थांबत नाही, फक्त सपाटीवर आणि उतारावर इंजिन गारठते. घाटात गाडी तापत असेल तर दोष वरच्या यादीत शोधावा. रेडिएटरच्या जाळीत चिखल आणि भुसा बसला आहे का, नळ्यांत क्षार साचला आहे का, पट्टा ढिला आहे का, झाकणाचा रबर गेला आहे का, हे पाहावे.

याच्या उलट, नव्या गाड्यांत 88 किंवा त्याहून वरचा असतो म्हणून तोच जुन्या इंजिनात टाकणेही चूक आहे. जुन्या इंजिनाची गॅस्केटे, होज पाइप आणि रेडिएटर त्याच्या काळच्या हिशेबाने केलेले आहेत. पाणी समुद्रसपाटीला 100 अंशांना उकळते, तर इगतपुरीच्या उंचीवर 98 च्या आसपास. झाकण चांगले असेल तर दर 0.1 किलो दाबामागे उकळबिंदू सुमारे अडीच अंशांनी वाढतो. म्हणजे 0.5 किलोचे धड झाकण पाण्याला 110 अंशांपर्यंत धरून ठेवते. झाकणच गळके असेल तर हा आधार जातो. अशा गाडीत वरच्या आकड्याचा थर्मोस्टॅट टाकणे म्हणजे उकळण्यापासूनचे अंतर आपणच कमी करून घेणे.

निवड करताना

पहिली गोष्ट, गाडीच्या नावावर नव्हे तर इंजिनावर भाग मागा. जुन्या गाडीत इंजिन बदललेले असणे नवल नाही. आर.सी. बुक, ब्लॉकवरचा क्रमांक आणि इंजिनाची पाटी ताडून पाहा. नाव वाचायलाही शिका. 697 म्हणजे सहा सिलिंडर आणि 97 मिलिमीटरचा बोअर. 497 म्हणजे चार सिलिंडर आणि तोच बोअर. 1954 साली त्या वेळच्या टेल्को कंपनीने जर्मनीच्या डाइम्लर-बेंझशी करार करून ट्रक बनवायला सुरुवात केली. तो करार 1969 पर्यंत चालला. कंपनीचे नाव 2003 साली टाटा मोटर्स झाले. त्यामुळे जुन्या पुस्तकांवर आणि सुट्या भागांच्या यादीवर टेल्को हे नाव दिसले तर गोंधळू नका.

दुसरी गोष्ट, तापमानाचा आकडा. तो इंजिनाच्या पुस्तकात असतो आणि मूळ थर्मोस्टॅटच्या कडेवर किंवा डबीवर कोरलेला असतो. जुन्या डिझेल ट्रकांत तो साधारण सत्तर ते नव्वद यांच्या दरम्यान असतो. आपल्या इंजिनाचा नेमका आकडा पुस्तकातूनच घ्यावा, शेजाऱ्याच्या गाडीवरून घेऊ नये. काही भागांवर आकडा फॅरनहाइटमध्ये असतो. 160 म्हणजे 71 सेल्सिअस, 170 म्हणजे 77, 180 म्हणजे 82 आणि 190 म्हणजे 88.

तिसरी गोष्ट, आकार. जुना थर्मोस्टॅट असेल तर तो सोबत न्या. नसेल तर घर उघडून खाचेचा व्यास आणि खोली मोजून न्या. बाहेरची कड, उंची आणि खालची चकती या तिन्ही गोष्टी जुळल्या पाहिजेत. घरात लहान वाटेचे तोंड असेल आणि दुकानदार एकाच झडपेचा थर्मोस्टॅट देत असेल, तर तो कितीही नेमका बसला तरी घेऊ नका. वरून सारखे दिसणारे दोन थर्मोस्टॅट खालून वेगळे असतात.

चौथी गोष्ट, संख्या. काही मोठ्या इंजिनांत दोन थर्मोस्टॅट असतात. बदलायचे तर दोन्ही एकदम, एकाच आकड्याचे बदलावेत.

पाचवी गोष्ट, हवेचे छिद्र. पुष्कळ थर्मोस्टॅटांच्या चकतीत एक बारीक छिद्र आणि त्यात हलती खिळी असते. पाणी भरताना आत अडकलेली हवा तिथून निघते. ती कचरा समजून बुजवू नये.

सहावी गोष्ट, माल. फार जुन्या इंजिनांत मेणाच्या डबीऐवजी नळकांडीसारखा घडीचा थर्मोस्टॅट असे. आता मेणाचेच मिळतात. त्या जागी बसणारा मेणाचा प्रकार भाग-क्रमांक पाहूनच घ्यावा. खोक्यावर इंजिनाचे नाव आणि क्रमांक, भागावर आकडा आणि हातात पक्के बिल, एवढे असेल तरच पैसे द्यावेत.

घरच्या घरी परीक्षा

आता ताई आणि त्यांच्या लेकीने काय केले ते सांगतो. पहिल्या दुकानातून आणलेला थर्मोस्टॅट खाचेत छान बसला, पण त्याला खालची चकतीच नव्हती. मुलीने घर उघडून पाहिले आणि परत पाठवला. दुसरा मिळाला, त्यावर पुस्तकात होता तोच आकडा होता. तरी ती म्हणाली, “आकडा तर कोणीही कोरील. आपण तपासू.”

यासाठी एक जुने पातेले, दोरा आणि 110 अंशांपर्यंतचा प्रयोगशाळेतला तापमापक लागतो. तापाचा तापमापक चालत नाही, तो 42 अंशांपुढे जात नाही आणि फुटतो. थर्मोस्टॅटची झडप बोटांनी जराशी उघडून तिच्या फटीत दोरा अडकवा आणि त्याच दोऱ्याने तो पातेल्यातील पाण्यात टांगा. थर्मोस्टॅट आणि तापमापक दोन्ही तळाला टेकता कामा नयेत, कारण तळ पाण्यापेक्षा जास्त तापलेला असतो. मंद आचेवर पाणी तापवा आणि चमच्याने हलवत राहा. झडप उघडू लागली की दोरा सुटतो आणि थर्मोस्टॅट खाली पडतो. त्या क्षणी तापमापकावरचा आकडा लिहून घ्या. कोरलेल्या आकड्याच्या दोन-तीन अंश मागे-पुढे असेल तर माल चांगला. पाणी उकळू लागेपर्यंत झडप चांगली उचललेली दिसली पाहिजे. चिमट्याने बाहेर काढून निवू द्या. ती घट्ट मिटली पाहिजे. हा प्रयोग दोनदा करा.

एक सूचना विसरू नका. गाडीत वापरलेला जुना थर्मोस्टॅट तपासला तर ते पातेले पुन्हा स्वयंपाकाला घेऊ नका. कूलंट विषारी असतो आणि चवीला गोडसर लागतो. मुलांच्या आणि जनावरांच्या वाटेत तो कधीही ठेवू नये.

दोरा 81 ला सुटला. मुलीने वहीच्या नव्या पानावर तारीख घालून तो आकडा लिहिला. जुन्या लाल पानासमोरचे ते पान आहे.

बसवताना

गरम इंजिनाचे झाकण कधीही उघडू नका. दाब सुटताच उकळते पाणी तोंडावर उडते. इंजिन पूर्ण निवू द्यावे, पाणी काढावे, घर उघडून खाच स्वच्छ खरवडावी. मेणाची डबी इंजिनाच्या बाजूला आली पाहिजे, कारण तिला इंजिनाचे गरम पाणी लागायचे आहे. उलटा बसवला तर तो वेळेवर उघडणार नाही. हवेचे छिद्र वरच्या बाजूला ठेवावे. नवी गॅस्केट घालावी आणि बोल्ट आळीपाळीने सारखे आवळावेत.

पाणी सावकाश भरावे. बोअरचे जड पाणी टाळावे, त्यातील क्षार रेडिएटरच्या नळ्यांत बसतो. पुस्तकात सांगितलेल्या प्रमाणात कूलंट घालावा. मग इंजिन सुरू करून वरच्या होज पाइपला बाहेरून जपून हात लावून पाहावा. पहिली काही मिनिटे तो थंड राहिला आणि मग थोड्याच वेळात गरम झाला, तर थर्मोस्टॅट बरोबर काम करतो. सुरुवातीपासूनच हळूहळू कोमट होत गेला तर झडप उघडी अडकली आहे. काटा वर गेला आणि पाइप थंडच राहिला तर ती बंद अडकली आहे किंवा आत हवा आहे. तेव्हा इंजिन ताबडतोब बंद करावे.

वस्तादांचा दोष किती?

हा लेख वाचून कोणी वस्तादांशी भांडायला जाऊ नये. थर्मोस्टॅट काढण्यामागे कारण होते. मेणाच्या डबीतून मेण गळाले की स्प्रिंग झडप बंदच ठेवते आणि गाडी रस्त्यात उकळते. आडरस्त्यावर नवा भाग मिळत नाही. मिळाला तर अनेकदा नकली निघतो. अशा वेळी तो काढून गाडी घरापर्यंत आणणे हा शहाणपणाचाच उपाय होता. चूक पुढे झाली. घरी आल्यावर नवा बसवायला हवा होता, तो बसवला नाही. तात्पुरत्या उपायाची रीत झाली, रीतीचा नियम झाला आणि नवशिक्या पोराने गॅरेजात पहिल्या दिवशी तोच नियम शिकून घेतला. त्याला कारण कोणी सांगितले नाही आणि त्यानेही विचारले नाही.

आपल्या समाजाला हे काही नवे नाही. “असेच चालत आले आहे” या एका वाक्याने आपल्या पिढ्यान्‌पिढ्या गावकुसाबाहेर ठेवल्या. भगवान बुद्धांनी केसपुत्त गावच्या कालामांना हेच सांगितले होते की, परंपरा आहे म्हणून किंवा सांगणारा आपला गुरू आहे म्हणून एखादी गोष्ट मानू नका, स्वतः पारखून घ्या. कालामसुत्त आपण विहारात ऐकतो आणि विहारातून बाहेर पडताच गॅरेजात विसरतो. विद्या ही थोड्यांनी दडवून ठेवायची वस्तू नव्हे. ती दडवली की काय होते, हे आपल्याइतके कोणाला माहीत असणार? म्हणून आपल्या मिस्त्री बंधूंनी शिकाऊ पोरांना भाग बसवायला शिकवताना तो का बसवायचा हेही सांगावे. मालकांनी इंजिनाचे पुस्तक मिळवून घरात ठेवावे. आणि ज्या घरात हिशेबाची वही भगिनीच्या हाती आहे, तिथे ॲव्हरेज, ऑइलची पातळी आणि काट्याची जागा यांसाठीही एक रकाना आखावा. डॉक्टर रोग्याच्या ताप-नाडीचा तक्ता ठेवतो, तसाच हा तक्ता आहे.

त्या कुटुंबाची गाडी त्यानंतर अनेकदा कसारा घाट चढली. काटा आता सकाळी लवकर जागेवर येतो आणि घाटात थोडा वर सरकून तिथेच थांबतो. गोणपाट घरी पडून आहे. वस्तादांना दोऱ्याचा प्रयोग दाखवायला मुलगी पातेले घेऊन गॅरेजात गेली होती. वस्ताद आधी हसले, मग चष्मा लावून तापमापकाकडे पाहत राहिले. दोरा सुटला तेव्हा एवढेच म्हणाले, “पोरी, हा तापमापक कुठं मिळतो गं?”

जयभीम!